कोपऱ्यातले सेकंद

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज मिनिटभर माझं बाळ मेलं होतं.

असंच लिहायचंय. मऊ करून लिहिलं तर खोटं होईल. रोह्याला गुप्ते मॅडमच्या दवाखान्यात पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होती. मॅडमनी सगळं मोजलं — डोकं, मांडी, पाठीचा कणा — आणि मग "चल, ठोके बघ" म्हणून भिंतीवरचा टीव्ही लावला. टीव्ही नवीन आहे. झोपलेल्या बाईला मान वाकडी न करता दिसावं म्हणून दिवाळीत बसवलाय. लावतात तो फक्त ठोके दाखवण्यापुरता. मी बघितलं. काहीतरी इवलंसं फडफडत होतं. आणि थांबलं.

मॅडम बोलेनात. नुसती बटणं दाबत राहिल्या. शकू, तिथली मावशी, माझ्या पायाशी उभी होती, तीही गप्प. मी विचारलं, "काय झालं?" मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात गेलं तेव्हा खोलीत अशीच शांतता होती. ती मला ओळखू येते.

मग चित्राला एक झटका बसला. ठोके परत सुरू.

शकू म्हणाली, "अडकतं गो ताई मदीमदी. जुनं झालंय मशीन."

मदीमदी! मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

१३ नोव्हेंबर

राग उतरत नाही. सुजयला सांगितलं तर म्हणाला, "बाळ बरं हाय ना? मग झालं." झालं काय, कपाळ. आत येऊन बसला असता तर कळलं असतं. नवरोबा बाहेर बाकावर मोबाईल बघत बसले होते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात बसले, पण कामात लक्ष नाही. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात माघीची घाई सुरू झालीय. त्यांचं निम्मं प्लास्टर उडून माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरच्या पंख्यांत येतं. एरवी मी जाऊन भांडते. आज नुसता ब्रश फिरवत राहिले.

डोक्यात ते मशीनच. मी पडल्या पडल्या सगळं बघून घेतलं होतं. वरचा भाग पोटातलं चित्र तयार करतो. खाली पांढऱ्या डब्यात आहे तो साधा जुना कॉम्प्युटर, माझ्याकडे भंगारात येतात तसला. त्यातलं एक कार्ड वरून चित्र आत आणतं, दुसरं कार्ड ते पडद्यावर दाखवतं. बाळ थांबत नाही, चित्र थांबतं. नवीन चित्र आत आलं नाही की ते शहाणं जुनंच दाखवत बसतं. आणि खाली पडलेल्या बाईला वाटतं, संपलं.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. मशीन मला बघू द्या म्हटलं.

"दिपिका, तू पेशंट आहेस की मेकॅनिक?"

"दोन्ही."

हसल्या. मग म्हणाल्या, मशीनला सरकारी सील आहे, उघडायचं नाही, आणि कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी म्हटलं स्क्रूड्रायव्हर आणणारच नाही, जे काय ते कीबोर्डवरून. कंपनीचा तो धनेश फोनवर म्हणाला, "सील सांभाळा, बाकी काय पण करा. फक्त मी हो म्हटलं असं कुणाला सांगू नका." असली माणसं पगार कशाचा घेतात देव जाणे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मेमू गाडीनं रोह्याला. हायवेनं जायची हिंमत नाही, या खड्ड्यांत चांगल्या माणसाची आतडी गळ्याशी येतात.

दुपारी पेशंट नसताना मॅडमनी शेजारी बसून बघू दिलं. पोटावर फिरवतात तो प्रोब शकूच्या मनगटावर धरला, तिची नाडी पडद्यावर उडताना दिसायला लागली. शकू खूश. "माजं पण हाय की आत कायतरी जित्तं." टीव्ही बंद ठेवून बराच वेळ बघितलं. एकदाही अडकलं नाही. टीव्ही लावला — थोड्या वेळात नाडी जागच्या जागी थिजली. टीव्ही बंद केला, परत सुरू.

म्हणजे टीव्ही लावला की अडकतं. आणि टीव्ही लावतात कधी? ठोके दाखवायला. म्हणजे दिवाळीपासून हे मशीन दुसरीकडे कुठे नाही, नेमकं ठोक्यांवरच अडकत आलंय. मॅडमना दोन क्षणांत समजतं, कारण प्रोब हलवला तरी चित्र हलत नाही. मग त्या मशीनशी झगडायला लागतात आणि बाईला सांगायचं राहून जातं. मी हे बोलले तेव्हा मॅडमचा चेहरा पडला. म्हणाल्या, "माझ्या लक्षातच आलं नाही गं. मी पडद्याकडे बघत असते, तुमच्याकडे नाही."

खरं बोलल्या. माझा त्यांच्यावरचा राग तिथेच गेला. मशीनवरचा आहे अजून.

टीव्ही काढून टाका म्हटलं. त्यावर म्हणाल्या, "ठोके बघून बाया रडतात, हसतात. किती तरी जणी पहिल्यांदा तिथेच आई होतात. काढवत नाही." मलाही नाही काढवला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाईंना, म्हणजे ठमाबाईंना, समजत नव्हतं की मी पोट घेऊन सारखी रोह्याला काय जाते. सांगायला बसले. कॉम्प्युटरच्या आत सगळ्या कार्डांना मिळून एकच वाट असते. एका वेळी एकानंच जायचं. एकदा वाट मिळाली की मागे दुसरा खोळंबला तरी किती वेळ धरून ठेवायची, त्याचा प्रत्येकाला एक आकडा दिलेला असतो. तो आकडा संपला की बाजूला व्हायचं.

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजे आमचा नल. खारेपाटान पानी येतं घडीभर. येकीनं दोन हंडं भरायचं न बाजूला व्हायचं. एकादी पिंप लावून बसली का मागची तांब्या घेऊन तशीच ऱ्हाते."

अगदी तेच. दाखवणारं कार्ड पिंप लावून बसलंय आणि चित्र आणणाऱ्याच्या हातात तांब्या. टीव्ही आल्यापासून पिंपाची भूक दुप्पट झाली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्या दुकानात बसायला पाहिजे. तर म्हणाल्या, "मना नको सांगू. तू घरान बस. पोटुशीनं गाडीनं फिरू नाय गो."

२३ नोव्हेंबर, शनिवार

आकडे बघितले. दाखवणाऱ्या कार्डाचा टाइमर २४८, म्हणजे देता येईल तेवढा सगळा. चित्र आणणाऱ्याचा ३२. कोण शहाण्यानं हे ठरवलं? कुणीच नाही. ज्याच्या-त्याच्या कारखान्यानं आपापल्या कार्डाचं भलं बघितलं, आणि दोघं एका डब्यात येऊन बसली.

दाखवणाऱ्याला ३२ वर आणलं तर टीव्हीवर चित्राच्या चिंध्या. मॅडम म्हणाल्या, हे चालणार नाही. वर चढवत चढवत ६४ ला चिंध्या थांबल्या. मग आणणाऱ्याला १२८ दिले, म्हणजे पाळी आली की त्याचा तांब्या पुरता भरेल. शकूचं मनगट परत घेतलं. टीव्ही लावला. नाडी उडतेय, उडतेय, थांबायचं नाव नाही. मला एवढा आनंद झाला की शकूच्या गालाचा मुका घेतला.

परतताना गाडीत बाळ पहिल्यांदा नीट हललं. नागोठण्याच्या पुढे. समोरच्या बाईनं विचारलं, काय झालं हसायला? मी पोटावर हात ठेवला.

२४ नोव्हेंबर

शकूचा फोन. परत अडकलं. आधीसारखंच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

रोह्याला लाईट गेली होती, एवढंच. कॉम्प्युटर परत चालू झाला आणि पिंपवालीनं आपला २४८ परत लावून घेतला. हे मला आधीच सुचायला हवं होतं. आता दर वेळी चालू झाल्यावर माझे आकडे आपोआप बसतील असं करून ठेवलं. मुद्दाम दोन-तीनदा बंद-चालू करून बघितलं. बसतात.

पण खोटं कशाला लिहू — अजून अडकतं. पूर्वी प्रत्येक बाईला अडकायचं, आता दिवसात एखादीला. मॅडमनी विचारलं, "शंभर टक्के जाईल?" नाही म्हटलं. एवढ्या अरुंद वाटेवरून एवढं पाणी जाणारच नाही. आकड्यांनी पाळी लावता येते, वाट रुंद करता येत नाही.

गाडीत सगळा वेळ त्या एकीचा विचार करत होते. दिवसात एकच. पण तिला कुठे माहीत असणार, की आजची ती आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

सापडलं! मशीन थांबवता येत नसेल, तर थांबलंय हे बाईला दिसलं पाहिजे. कुणी सांगायची वाट बघायला नको.

खालच्या कॉम्प्युटरचं घड्याळ उपयोगाचं नाही, चित्र अडकलं तरी ते आपलं चालूच असतं. पण वरच्या भागाला स्वतःचं घड्याळ आहे, ते चित्रातच छापून खाली येतं. मग दिसत का नाही? मेनूत जाऊन बघितलं, तर कुणीतरी बंद करून ठेवलेलं. शकूला बरोबर आठवलं. घड्याळाची बॅटरी मेल्यापासून त्यावर कुठल्या तरी जुन्या सालाची तारीख यायची. तपासणीला आलेल्या साहेबानं प्रिंटवरची तारीख चुकीची का म्हणून झापलं. बॅटरी सीलच्या आत. मग काय, घड्याळच बंद. आपल्याकडची पद्धतच आहे ही. चूक दिसायची बंद झाली की सगळे खूश.

मॅडम आधी नको म्हणाल्या, परत तारखेची कटकट नको. मी प्रिंटमधून तेवढा कोपरा कापून दिला आणि पडद्यावर नुसते सेकंद ठेवले. डाव्या कोपऱ्यात, मोठ्या आकड्यांत. सेकंद पळतायत म्हणजे जे दिसतंय ते खरं. सेकंद थांबले म्हणजे मशीन अडकलं, बाळाला काही झालं नाही. टीव्ही लावायच्या आधी हे प्रत्येकीला सांगायचं, हे शकूचं काम. तिनं माझ्यासमोर चार वेळा म्हणून दाखवलं.

मॅडम म्हणाल्या, "तू इथेच नोकरीला ये." मी म्हटलं, आधी बाळंत तर होऊ दे.

८ डिसेंबर, रविवार

शकूचा फोन, आवाज नुसता फुललेला. काल गागोद्याची एक मुलगी आली होती, पहिलटकरीण, भेदरलेली. नेमकं तिच्या वेळी अडकलं. शकू तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मावशी, सेकंद थांबले. अडकलं वाटतं." आणि हसली.

फोन ठेवल्यावर मी रडले. सुजय घाबरला. त्याला म्हटलं, बरं वाटलं म्हणून रडतेय. हे त्याला कधी कळणार नाही. पण पाठीवरून हात फिरवत बसला बराच वेळ, ते बरं वाटलं.

१५ डिसेंबर

काय लाथा मारतंय! सुजयच्या हातावर मारली. तो म्हणे कामावर जाऊन सगळ्यांना सांगणार.

२९ डिसेंबर, रविवार

ओटी भरली. सासूबाईंनी हिरवी साडी आणली, सगळ्या जमलेल्या बायांना स्वतः वाढलं, आणि शेवटी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "आता रोह्याचा मशीन बिशीन बास. तुजा मशीन तुज्या पोटान हाय." जाताना पदर डोळ्याला. मला वाटायचं बाई कडक आहे.

संध्याकाळी आईबरोबर खांब गावी आले. पहिलं बाळंतपण माहेरी. आता रोहा जवळ, नावही मॅडमकडे घातलेलं. जागा बदलली की झोप लागत नाही, तरी आज लागेल.

३ जानेवारी

आईनं डिंकाचे लाडू आत्ताच करायला घेतलेत. म्हटलं ते बाळंत झाल्यावर. म्हणाली, करून ठेवलेले बरे.

७ जानेवारी, मंगळवार

आज फार हललं नाही. आई म्हणते थंडी आहे, तेही गुरफटून झोपलं असेल.

८ जानेवारी

सकाळी गूळ खाल्ला, कुशीवर पडून राहिले. दुपारी एकदा हललं असं वाटलं. आईला सांगितलं, हललं. तिनं देवाला हात जोडले.

मला खात्री नाही. मीच पोट दाबलं होतं, त्यानं पाणी हलल्यासारखं झालं असेल. मला भीती वाटतेय. सुजयला फोन केला तर कामावर, उचलला नाही. मॅडमना केला. म्हणाल्या आता ये. रस्त्याला ही गर्दी, कोलाडपर्यंत सगळं तुंबलेलं, रिक्षावाला यायला तयार नाही. भावाचा मित्र गाडी घेऊन येतोय म्हणे. केव्हाचा येतोय.

८ जानेवारी, रोह्याला

बाकावर बसलेय. आत एक बाई आहे. आई जप करतेय. वही पिशवीतच होती, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून लिहितेय.

शकू बाहेर येऊन गेली. माझा चेहरा बघून शेजारी टेकली. म्हणाली, "घाबरू नको गो. आज सकाळपासून दोनदा अडकलंय ते मशीन."

मला तेवढंच पुरलं. दोनदा अडकलंय. मग तिसऱ्यांदाही अडकू दे. मी एवढ्या खेपा घालून बसवलेले आकडे पुसले जाऊ देत, लाईट जाऊ दे, पिंपवाली परत वाट अडवून बसू दे. मी पडेन, पडदा थिजेल, कोपऱ्यातले सेकंद थांबतील, आणि मी त्या गागोद्याच्या पोरीसारखी हसेन. देवाकडे आजवर मशीन नीट चालावं म्हणून मागितलंय. आज उलट मागतेय. मी नीट केलेलं आज बिघडू दे.

आतली बाई बाहेर आली. हसतेय.

१४ जानेवारी, संक्रांत

शकूचा फोन आला. मॅडमनी विचारायला सांगितलंय, कोपऱ्यातले ते सेकंद बंद करून टाकू का. मी नको म्हटलं. दुसऱ्या बायांना लागतील.

त्या दिवशी मॅडमनी टीव्ही लावलाच नाही. मी मान वळवून त्यांच्या पडद्याकडे बघितलं. चित्रात काही फडफडत नव्हतं. शकू म्हणाली, "अडकलं गो ताई, थांब जरा." तिलाही दिसत होतं. कोपऱ्यात एक्केचाळीस झाले, बेचाळीस झाले, त्रेचाळीस झाले.

मशीन चांगलं चाललं होतं.